किंग्स्टनमध्ये (जमैका) लहान मुलांसाठी सरकारी हॉस्पिटल भरवशाचं आहे का?

तुम्ही विचारलंय की मिस्टरांची बदली किंग्स्टनला झाली आहे, मुलगी पाच वर्षांची आहे, तुम्ही मूळचे चंद्रपूरचे, आणि ओळखीचे सगळे सांगताहेत की तिथे सरकारी दवाखान्याच्या नादी लागू नका, प्रायव्हेटच बघा. ताई, आम्ही तिथे २०१६ ते २०१९ राहिलो. माझा मुलगा आज शाळेत जातो, सायकल चालवतो, तो त्या सरकारी हॉस्पिटलमुळे. म्हणून लिहायला बसले.

नाव लक्षात ठेवा, बस्टामांटे हॉस्पिटल फॉर चिल्ड्रन. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘चिल्ड्रन्स हॉस्पिटल’ म्हटलं तरी पोचवतो. आधी ते ब्रिटिश लष्कराचं हॉस्पिटल होतं. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि १९६३ पासून ते मुलांचं झालं. पहिल्या पंतप्रधानांचं, अलेक्झांडर बस्टामांटे यांचं, नाव दिलं. अडीचशेहून जास्त खाटा, आणि जन्मापासून बारा वर्षांपर्यंतची मुलं घेतात. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन बेटांमधलं फक्त मुलांसाठीचं हॉस्पिटल म्हणून त्याची ओळख आहे. ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव आर्थर विंट ड्राइव्ह. विंट म्हणजे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरचं सोनं जिंकणारा जमैकन धावपटू, जो पुढे डॉक्टर झाला. त्याच ऑलिम्पिकला आपले खाशाबा जाधव सहावे आले होते. हे मला तिथल्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विंटबद्दल सांगितलं तेव्हा आठवलं आणि परक्या गावात जरा बरं वाटलं.

आता माझं सांगते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना त्याचे हातपाय सुजायचे, रात्रभर रडायचा. इकडे असताना आम्ही तीन ठिकाणी दाखवलं, सगळी प्रायव्हेट. कुणी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं, कुणी दात येताहेत म्हणालं. किंग्स्टनला गेल्यावर महिन्याभरात पुन्हा सूज आली. तिथल्या डॉक्टर बाईंनी त्याची बोटं हातात घेऊन बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरात कुणाला सिकल आहे का? सिकल म्हणजे सिकलसेल, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. जमैकात साधारण दीडशे बाळांमागे एकाला सिकलसेल असतो आणि दहातला एक जण वाहक असतो, त्यामुळे तिथे हा आजार अंगणवाडीच्या बाईलाही माहीत. आम्हा दोघांचं रक्त तपासलं. दोघंही वाहक, एएस, म्हणजे दोन जीनपैकी एक सिकलचा. मुलगा एसएस, म्हणजे दोन्ही जीन सिकलचे, त्याला आजारच.

मग मोना इथल्या विद्यापीठातल्या सिकलसेल क्लिनिकमध्ये नाव घातलं. तिथल्या नर्सने मला एक गोष्ट शिकवली. मुलाला उताणं झोपवायचं, गुडघे जरा वर घ्यायचे, आणि डाव्या बरगडीच्या खाली बोटं सपाट ठेवून पाणथरी (प्लीहा) लागते का बघायचं. सिकलसेलच्या लहान मुलांत कधी कधी अंगातलं रक्त अचानक पाणथरीत साठतं, ती फुगते, आणि काही तासांत मूल हातचं जातं. किंग्स्टनच्याच सरकारी प्रसूती रुग्णालयात १९७३ पासून १९८१ पर्यंत एक लाख नवजात बाळांचं रक्त तपासलं होतं आणि सिकल असलेल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. पाणथरीने मुलं जातात हे त्यातून स्पष्ट झालं आणि मग त्यांनी आयांनाच पोट तपासायला शिकवलं. मृत्यू झपाट्याने खाली आले. यंत्र नाही, महागडं औषध नाही, आईची चार बोटं. मी रोज आंघोळीनंतर बघायची. हाताला काहीच लागायचं नाही.

तो साडेतीन वर्षांचा असताना एका शनिवारी दुपारपासून मलूल झाला. थोडा ताप. मिस्टर म्हणाले विमा आहे तर चांगल्या ठिकाणी जाऊ. गेलो. गार एसी, भिंतीवर माशांची टाकी. तिथल्या डॉक्टरांनी घसा बघितला, व्हायरल म्हणाले, तापाचं औषध दिलं, सोमवारी या म्हणाले. सिकल आहे हे मी दोनदा सांगितलं. पोटाला त्यांनी हात लावला नाही.

रात्री साडेनऊला त्याचे ओठ पांढरे दिसले. खालची पापणी ओढून बघितली तर आतून कागदासारखी. मी पोटावर हात ठेवला आणि बरगडीखाली तीन बोटं भरून काहीतरी टणक लागलं. मिस्टर विम्याचं कार्ड शोधत होते. मी म्हटलं, कार्ड राहू द्या, गाडी काढा.

चिल्ड्रन्सच्या कॅज्युअल्टीत तुडुंब गर्दी होती. दम्याची मुलं, हात मोडलेला एक मुलगा, कडेवरची तान्ही. मी खिडकीशी जाऊन एवढंच म्हटलं, ‘सिकल, पाणथरी तीन बोटं.’ (तिथे अर्थात इंग्रजीत.) नर्स उठून बाहेर आली. माझ्या कडेवर असतानाच तिने त्याच्या पोटावर हात ठेवला, आणि ‘मम्मी, तुम्ही बरोबर आहात, माझ्यामागे या’ म्हणाली. आत टेबलावर झोपवून डॉक्टरांनी पाणथरीची कड जिथे संपत होती तिथे निळ्या बॉलपेनने त्याच्या पोटावर रेघ मारली. रक्त चढवायला सुरुवात झाली तेव्हा बारा वाजायचे होते. पहाटे ओठांना रंग आला. सकाळी कड रेघेच्या वर सरकली होती, म्हणजे पाणथरी आकसत होती, दुसऱ्या दिवशी आणखी वर. घरी आणल्यावर मी आठवडाभर आंघोळ घालताना ती रेघ घासली नाही.

सोमवारी मिस्टरांच्या ऑफिसमधले चार जमैकन सहकारी स्लाइप पेन रोडच्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आले. त्यांना आम्ही सांगितलंही नव्हतं.

म्हणून सांगते, अडीनडीला थेट तिथेच जा. दमा, झटके, भाजणं, सिकल, हे तिथले लोक रोज बघतात. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियाही तिथे होतात, त्यासाठी ब्रिटनच्या ‘चेन ऑफ होप’सारख्या संस्थांची पथकं येत आली आहेत. शॅगी हा तिथला प्रसिद्ध गायक २००९ पासून या हॉस्पिटलच्या यंत्रसामग्रीसाठी गाण्याचे कार्यक्रम करत आला. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याला लोकांनी असं आपलं मानलेलं मी फार कमी बघितलंय.

आणखी एक, मुलीला अॅकी खाऊ घालणार असाल (तिथलं रोजच्या जेवणातलं फळ आहे, अंड्याच्या भुर्जीसारखं लागतं) तर फळ झाडावरच आपोआप उघडलेलं असेल तेव्हाचंच. कच्च्या अॅकीने रक्तातली साखर एकदम खाली जाते आणि मुलं दगावतात. मुझफ्फरपूरला लिचीने मुलं दगावली, त्यामागेही हेच विष असल्याचं आढळलं होतं.

हे सगळं झाल्यावर मी नागपूरला फोन केला तेव्हा मोठ्या नणंदबाई काय म्हणाल्या? ‘एवढा पगार असून लेकराला सरकारीत टाकलं?’ आणि वर, ‘हा रोग आमच्याकडे नव्हता, माहेरून आणलास.’ ताई, एसएस मूल व्हायला आई आणि बाप दोघंही वाहक लागतात. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका असतो. माझ्याकडून एक जीन आला, दुसरा त्यांच्या भावाकडून आला. त्यांच्या भावाला तो त्यांच्याच आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आला, म्हणजे त्या स्वतः वाहक असण्याची शक्यता निम्मी तरी आहेच. पुढे भेटल्यावर रिपोर्ट मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा नाही म्हणून बाजूला सारला.

तुम्ही चंद्रपूरच्या, म्हणजे सिकलच्या पट्ट्यातल्याच. तर जायच्या आधी तुम्ही, मिस्टर आणि मुलगी, तिघांची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी टेस्ट होते, एक थेंब रक्त लागतं. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करून एएस की एसएस ते कळतं. आणि कुणी ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

विम्याचं विचारलंत ते राहिलंच. विमा घ्या. जमैकात १८ वर्षांखालच्या मुलांना सरकारी उपचार २००७ पासून आणि सगळ्यांना २००८ पासून मोफत झाले, पण ते तिथल्या लोकांसाठी. तुम्ही कामाच्या परवान्यावर जाताय, तेव्हा तुम्हाला काय लागू होईल ते कंपनीकडून लेखी घ्या. साध्या सर्दीखोकल्याला चिल्ड्रन्सला जाऊ नका, जास्त आजारी मुलाला आधी आत घेतात आणि ते योग्यच आहे. जवळचा एक नेहमीचा डॉक्टर ठरवून ठेवा, लसींचं कार्ड सोबत न्या. आणि सगळे प्रायव्हेटवाले वाईट असं मी म्हणत नाही, आम्हाला नंतर एक फार चांगले बालरोगतज्ज्ञ मिळाले.

नणंदबाईंच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, या दिवाळीनंतर लग्न ठरतंय. मुलगा भंडाऱ्याचा आहे. दोघांचीही तपासणी अजून झालेली नाही. परवा मी भाचीशी परस्पर बोलले, येत्या शनिवारी ती माझ्यासोबत येतेय.