हॉप्स निवडताना जातीआधी अल्फा पाहा

प्रश्न : बाणेरच्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत मी शिकाऊ आहे. पेल एल बिअरच्या 20 लिटरच्या चाचणी खेपेत साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि गंध देणारी फुलं) 20 ग्रॅम घालून तासभर उकळले, तरी बिअर गोडसर लागली. आता मॅग्नम घ्यावं की कॅस्केड?
– एक वाचक, पुणे

उत्तर : साझमध्ये खोट नाही, तिला भलतंच काम दिलं गेलं. कडूपणा येतो अल्फा आम्लांमुळे. ती उकळीत रूप बदलतात तेव्हाच वर्टमध्ये, म्हणजे न आंबवलेल्या माल्टच्या गोड पाण्यात, नीट विरघळतात, म्हणून कडूपणाचे हॉप्स 60 मिनिटं उकळायचे. ही आम्लं साझमध्ये साधारण 3 ते 4.5 टक्के, कॅस्केडमध्ये 5 ते 7, तर मॅग्नममध्ये 12 ते 14 टक्के असतात. तासाभरात त्यातला पाव हिस्सा उतरतो असं धरलं, तर ग्रॅम गुणिले अल्फा टक्के गुणिले 2.5, भागिले लिटर, एवढाच हिशेब. अल्फा 3.5 टक्के धरलं तर तुमच्या साझचे जेमतेम 9 आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) झाले. पेल एलला निदान 30 हवेत. 12 टक्क्यांचं मॅग्नम 20 ग्रॅममध्ये ते देतं. साझ 70 ग्रॅम लागेल, आणि एवढा पाला उकळला की तुरट, गवतासारखी चव उतरते. साझ पिल्सनर प्रकारच्या बिअरसाठी ठेवा, तिथे तिला तोड नाही.

आमच्या मते दोन्ही घ्या. उकळीच्या सुरुवातीला मॅग्नम 20 ग्रॅम. कॅस्केडचा मोसंबी-पपनसासारखा गंध तेलांतून येतो आणि ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून आच बंद करून वर्ट 80 अंशांवर आला की कॅस्केड 40 ग्रॅम घाला आणि 20 मिनिटांनी लगेच थंड करा. गंध आणखी हवा असेल तर किण्वन संपत आल्यावर 60 ग्रॅम ड्राय हॉपिंग, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये हॉप्स घालणं, तीनच दिवस. यात एक धोका आहे : हॉप्समधली विकरं (एन्झाइम) उरलेल्या डेक्स्ट्रिनची, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या पिष्टाच्या तुकड्यांची, साखर करतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि बटरस्कॉचसारखा वास येऊ शकतो. साखर संपत जाते तशी बिअरची घनता उतरते; ती सलग दोन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बिअर थंड करू नका.

वरचे टक्के सर्वसाधारण आहेत. हिशेबात पाकिटावरचाच आकडा घ्या आणि हंगामाचं वर्षही पाहा. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर राहिलेलं पाकीट झपाट्याने अल्फा गमावतं. हवा काढून, बंद करून फ्रीझरमध्येच ठेवा. फोडल्यावर जुन्या चीजसारखा वास आला, तर ते हॉप्स सुगंधासाठी मुळीच वापरू नका.