मारिओ खड्ड्यात पडतो, त्यात तुमच्या अंगठ्याचा दोष किती?

पत्र: ताई, माझं वय 41. पाचवीत असताना बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून टीव्ही गेम घेऊन दिला, तेव्हापासून गेमचा नाद सुटलेला नाही. परवा तोच गेम पोटमाळ्यावरून काढून नऊ वर्षांच्या मुलीसमोर लावला. गेमच्या बंदुकीनं पडद्यावरचं एकही बदक पडेना, मारिओ पहिल्याच खड्ड्यात. पाच मिनिटांत मुलगी टॅबवर माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी घरं बांधायचा गेम) खेळायला पळाली. बायको म्हणते, भंगारात द्या. माझंच वय झालं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: वयाचं नंतर बघू, आधी टीव्ही बघा. जुना डबा टीव्ही आलेला सिग्नल तसाच पडद्यावर टाकायचा. आजचा एलईडी ते चित्र आधी मोठं करतो, घासतो-पुसतो आणि मग दाखवतो. त्यात सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा जाऊ शकतो, आणि मारिओची काठावरची उडी हुकायला तेवढा पुरतो. पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तो लावा, नॉइज रिडक्शन बंद करा. फरक पडेल, पण उशीर पूर्ण जाईलच असं नाही. पिवळ्या पिनेतून आलेलं चित्र काही टीव्ही तरीही रवंथ करत बसतात.

बंदुकीची आशा मात्र सोडा. ती काही मारत नाही, नुसती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या सेन्सरला तो उजेड त्याच क्षणी दिसला, तर बदक पडलं. एलईडीवर चौकोन उशिरा उगवतो, तोवर नेम चुकल्याचा निकाल लागलेला असतो. 'दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तिला डबा टीव्हीच लागतो.

कॅसेट अडली तर फुंकर मारू नका (हात शिवशिवतील, ठाऊक आहे). तेव्हाही ती फुंकरीनं नव्हे, काढून परत बसवल्यानं चालायची. तोंडातल्या ओलीनं कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात, एवढंच. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. दहा मिनिटं वाळू द्या. अडॅप्टर नवा घेणार असाल, तर व्होल्ट आणि पिनेची प्लस-मायनस बाजू जुन्यावर छापलेली असते, ती जुळवूनच घ्या. उलटी लागली तर आतलं सर्किट जळतं.

आता मुलगी. तिला सवय आहे ती सोडलं तिथून पुढे खेळण्याची. तुमच्या मारिओत सेव्हच नाही. तीन जीव संपले की पुन्हा पहिल्यापासून. एक युक्ती आहे: गेम ओव्हरनंतर सुरुवातीचा नावाचा पडदा आला की ए दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलात, तिथूनच सुरू होतं. कॅसेटमध्ये काँट्रा असेल तर तोच लावा, कारण त्यात दोघं एकत्र खेळता. धबधब्याच्या लेव्हलला मात्र सांभाळा. तुम्ही भराभर वर चढलात की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेली ती मरते. तिला पुढे जाऊ द्या.

हे सगळं करूनही ती टॅबकडेच वळली, तर तुम्हीच तिकडे जा. तुमच्या फोनवर माइनक्राफ्टची तीच आवृत्ती घ्या, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा. तिनं तिचं वर्ल्ड उघडलं की ते तुमच्या फोनवर 'प्ले' दाबल्यावर दिसतं. तिचं घर बघून 'हे असं नसतं बांधायचं' म्हणू नका. सर्व्हायव्हल, म्हणजे जीव वाचवत खेळायच्या प्रकारात, दिवसाचा उजेड दहाच मिनिटं टिकतो, मग झोंबी निघतात. अंधार पडायच्या आत तिला विचारा, पलंग कसा करायचा. तीन लोकर, तीन फळ्या; एवढं ती सांगेल, बहुधा हसत.