खरी सनई हवी, पण ठरवायचं काय?

प्रश्न : लेकीचं लग्न मे महिन्यात वेंगुर्ल्याला, अंगणातल्या मांडवात आहे. रेकॉर्ड लावायची नाही, वाजंत्री बोलवायचे आहेत. काय बोलून घ्यावं? — एक वधुपिता

उत्तर : भाऊ, सुपारी आधी द्या, मेमधे सगळ्यांचेच मुहूर्त. मग ताफ्यात कोण कोण येणार ते विचारा. एक मुख्य सनई, दुसरी नुसता सूर धरून राहणारी, आणि तालाला चौघडा किंवा संबळ. पैसे वाचवायला लोक सूर धरणाऱ्याला गाळतात. तेवढं करू नका, हा माझा हट्टच समजा. त्याच्यावाचून सनई उघडी पडते. मंगलाष्टकं चालू असताना वाजंत्र्यांनी गप्प, शेवटच्या अक्षतेला एकदम दणका! म्हणून भटजी आणि सनईवाल्याची आदल्या दिवशीच गाठ घालून द्या, भटजींनी मान हलवली की झालं. पंख्याच्या झोतात वाजंत्र्यांना बसवू नका, सनईची पत्ती (तोंडात धरून फुंकायची जिभली) वाळली की सूर बिघडतो. जेवण विधींच्या मधल्या वेळेत घाला, शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी ठेवू नका. वरात रात्री काढणार असाल तर उघड्यावर १० नंतर वाद्यं बंद, तेव्हा ती संध्याकाळीच उरका.