बंद चॅपलांच्या गावात नवं चर्च काढावं का?

प्रश्न : ताई, मी नर्स आहे. नवऱ्याबरोबर दक्षिण वेल्समधल्या एका जुन्या कोळसा खाणीच्या गावात राहते. आम्ही दोघंही ख्रिस्ती घरातले. इथली बहुतेक चॅपलं, म्हणजे वस्तीतली छोटी प्रार्थनामंदिरं, बंद पडली आहेत. एकाचे फ्लॅट झाले, एक तसंच ओस पडलंय. खाण गेली, काम गेलं. तरुण पोरं नशेत असतात, म्हातारी माणसं एकटी. नवऱ्याच्या मनाने घेतलंय की देवाने आपल्याला इथे नवं चर्च सुरू करायलाच आणलं. त्यासाठी तो गोदामातली नोकरी सोडतोय. मी घाबरले, तर म्हणतो तुझा विश्वास कमी पडतो. मैत्रिणी म्हणतात, गोऱ्यांच्या गावात तुमचं कोण ऐकणार? काय करू? – दरीतली एक

उत्तर : पहिलं म्हणजे, घाबरण्याचा आणि विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही. उद्यापासून तुझ्या एकटीच्या पगारावर घर चालणार असेल, तर प्रश्न विचारायचा पहिला हक्क तुझाच. हे त्याला याच शब्दांत सांग. बायकोच्या शंकेला अविश्वास म्हणणारा माणूस उद्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाची शंका कशी ऐकणार?

आता त्याच्या बाजूने. गरज त्याने बरोबर ओळखली आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते केअरफिली, ब्लायनाय ग्वेंट आणि रोंडा कायनन टाफ या तीन भागांत. तिन्ही जुन्या कोळसा खाणींच्या दऱ्यांचे, तिन्हीकडे असं म्हणणारे निम्म्याहून जास्त. याच दऱ्यांत खाणकामगारांनी पै पै जमवून गल्लोगल्ली चॅपलं बांधली होती. तिथे प्रार्थना व्हायची, आणि वाचायला, चारचौघांत उभं राहून बोलायला, एकत्र गायलाही माणूस तिथेच शिकायचा. १८९८ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणकामगार महासंघाचे पहिले अध्यक्ष झालेले विल्यम अब्राहम, म्हणजे लोकांचे ‘मॅबॉन’, हे चॅपलमध्ये प्रवचन देणारे होते. सभेत गोंधळ झाला की ते सरळ भजन सुरू करायचे. (आपल्याकडच्या काही सभांना हा उपाय करून पाहायला हरकत नाही.) २१ ऑक्टोबर १९६६ ला ॲबरफान या खाणीच्या गावात राडारोड्याचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. मृतदेह ठेवले ते बेथानिया चॅपलमध्ये, आणि आईबापांनी आपली लेकरं तिथेच ओळखली.

रोंडातली शेवटची खाण, मार्डीची, १९९० मध्ये बंद झाली. कामाबरोबर तरुण घरं निघून गेली, मागे राहिलेल्या दहा-बारा म्हाताऱ्यांना चॅपलच्या छपराची दुरुस्ती परवडेना. म्हणजे लोकांनी देवाला हाकलून लावलं असं नाही; ज्या कष्टकरी वस्तीच्या जोरावर ते सगळं उभं होतं ती वस्तीच मोडली. म्हणून मला वाटतं, हो, तिथे नवीन मंडळी हवी. जुनं कुलूप उघडून तीच बाकं पुसून भागणार नाही. पण नवीन म्हणजे इमारत, माईक आणि रविवारची सभा असं त्याच्या डोक्यात असेल, तर ते त्या गावाला नको आहे.

कारण ही माणसं बाहेरून येणाऱ्या उपकारकर्त्यांना ओळखून आहेत. ॲबरफानचंच बघ. गावावर उरलेले राडारोड्याचे धोकादायक डोंगर हलवायला मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले, लोकांनी शोकग्रस्तांसाठी दिलेले. ते परत मिळाले १९९७ मध्ये, बिनव्याजी. अशा ठिकाणी कुणी वर्ष-दोन वर्षं राहून, जमलं नाही म्हणून निघून गेलं, तर गावकऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक दार बंद झालं. त्यापेक्षा न उघडलेलं बरं.

मैत्रिणींचं म्हणणं मात्र मला पटत नाही. १८५१ मध्ये रोंडात जेमतेम हजारभर माणसं होती. १९२१ पर्यंत दीड लाखाच्या वर गेली. ती बहुतेक पोटासाठी बाहेरून आलेली, नाहीतर तशांची लेकरं. त्यांनीच ती चॅपलं बांधली. आणि तू नर्स आहेस. धुळीने फुफ्फुसं गेलेल्या म्हाताऱ्या खाणकामगारांची सेवा तू करत असशील, तर गावात तुमची ओळख व्हायला नवऱ्याच्या प्रवचनाची वाट बघावी लागणार नाही. (वॉर्डात धर्माचा विषय मात्र तू काढू नकोस. नोकरीचा नियम म्हणून नाही, आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही म्हणून.)

त्याला सांग, नोकरी सोडू नको. खाणकामगारांचे प्रचारकही दिवसभर कोळसा खणूनच बोलायला उभे राहायचे. जे एखादं चॅपल अजून धुगधुगी धरून आहे तिथे वर्षभर दोघांनी जा, खुर्च्या लावा, चहा करा, त्या म्हाताऱ्यांचं ऐका. अन्नवाटप चालत असेल तिथे हात लावा, पण पिशवीबरोबर प्रार्थनेची अट नको. मुलांमध्ये काम करायचं तर डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदीची) आधी. पैशाचा हिशोब तिसऱ्याच माणसाकडे. वर्षाअखेर गावातलीच चार-पाच माणसं ‘आपण काहीतरी सुरू करू’ म्हणाली, तर ते चर्च त्यांचं असेल आणि तुम्ही त्यातले दोघं.

एक गोष्ट मी त्याच्यासाठी मुद्दाम लिहिते. १९०४ च्या वेल्सच्या धार्मिक जागृतीचा चेहरा होता इव्हान रॉबर्ट्स, स्वतः लहानपणी खाणीत उतरलेला. हजारोंची मनं त्याने हलवली आणि दोनेक वर्षांत स्वतः इतका खचला की लोकांपासून दूर जाऊन राहावं लागलं. तेव्हा तो अविवाहित होता. तुझा नवरा तसा एकटा नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त तुम्हा दोघांची, हे आत्ताच ठरवून घे.

हे सगळं ऐकूनही तो राजीनाम्यावर अडून बसला, तर भांडत बसू नकोस. दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या अनुभवी पाळकांसमोर, शक्यतो सपत्नीक असतील तर त्या दोघांसमोर, बसून बोला. जाताना घरखर्चाचा कागद बरोबर ने.