विषाणूतले विष आणि नागिणीचे वेटोळे

पुण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी दोन प्रश्न पाठवले आहेत. विषाणूंमुळे होणाऱ्या नेहमीच्या आजारांविषयी वर्गात बोलणे चालू असताना विषाणूमध्ये विष नसते हे त्यांनी सांगितले, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने लगेच विचारले, ‘मग त्याला विषाणू का म्हणायचे, सरळ व्हायरस का म्हणू नये?’ दुसरी शंका बाईंची स्वतःची आहे. कांजिण्या आणि नागीण हे दोन्ही आजार एकाच विषाणूमुळे होतात, आणि नागिणीभोवती अजूनही बरीच अंधश्रद्धा आहे, तर नागीण हा शब्द सोडून ‘हर्पीज’ म्हणणे अधिक शास्त्रीय होईल का, असे त्या विचारतात. दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात, आणि दोहोंचे उत्तर शेवटी एकाच ठिकाणी पोहोचते, म्हणून ते एकत्रच देतो.

प्रथम मुलाचा प्रश्न. ‘व्हायरस’ हा मूळचा लॅटिन शब्द आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ विष असाच होता. तो आपल्या ‘विष’ शब्दाचा सख्खा नातलग आहे. दोघांचे मूळ एकच असून लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधल्या ‘स’चा पुढे ‘र’ झाला, त्यामुळे आज हे नाते कानाला चटकन जाणवत नाही. म्हणजे ‘विषाणू’ सोडून ‘व्हायरस’ म्हटले तरी विष काही सुटत नाही, ते केवळ लॅटिन होते.

विष नसलेल्या वस्तूला हे नाव मिळाले त्याचे कारण असे, की नाव आधीपासून होते आणि वस्तू फार उशिरा सापडली. एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ साली गाईच्या देवींविषयीचे आपले लेखन प्रसिद्ध केले, त्यात फोडातल्या रोगकारक द्रवाला त्यांनी ‘व्हायरस’ हाच शब्द वापरला आहे. रोग पसरवणारे, डोळ्यांना न कळणारे काहीतरी विषारी द्रव्य, एवढाच त्या काळी त्याचा अर्थ होता. पुढे १८९२ साली रशियात इव्हानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणूही अडकून पडतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तरी तो रस निरोगी झाडाला रोग देतच राहिला. १८९८ साली नेदरलँड्समध्ये बायेरिंक यांना हाच अनुभव आला, आणि गाळणीतूनही निसटणाऱ्या त्या रोगकारकासाठी त्यांनी जुना ‘व्हायरस’ शब्द पुन्हा हाती घेतला. तंबाखूचा हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून माणसाच्या दृष्टीस पडला तो १९३९ साली.

मराठीतल्या ‘विषाणू’मधला ‘अणू’ हाही रसायनशास्त्रातला अणू नव्हे, अत्यंत सूक्ष्म कण या जुन्या संस्कृत अर्थाने तो आला आहे. विषाणू स्वतः विष बनवत नाही. तो जिवंत पेशीत शिरतो, तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो, आणि त्या ओघात पेशीचा नाश होतो. खरोखरच विष बनवणारे रोगजंतू पाहायचे असतील तर ते जिवाणूंमध्ये सापडतात. घटसर्प आणि धनुर्वात या दोन्ही रोगांत शरीराची मुख्य हानी जिवाणूने सोडलेल्या विषामुळे होते. त्या मुलाला हे अवश्य सांगावे, कारण त्याची शंका रास्त आहे आणि तिचे खरे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे.

‘जंतू’ म्हणून भागणार नाही का, असेही कोणी विचारील. घरगुती बोलण्यात जरूर भागेल. मात्र जंतू या शब्दात जिवाणू आणि विषाणू दोन्ही येतात, आणि हा भेद औषधाच्या वेळी उपयोगी पडतो. १८९७ साली पुण्यात थैमान घालणारा प्लेग जिवाणूचा होता. २००९ साली याच शहराला घरात बसवणारा स्वाइन फ्लू विषाणूचा होता. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. ‘व्हायरल झालंय’ असे सांगत प्रतिजैविकाची गोळी मागणाऱ्याला आपल्याच वाक्यातला विरोध दिसावा, एवढे काम हे दोन वेगळे शब्द नक्की करतात.

लेखनाची एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. सुटा शब्द ‘विषाणू’ असा दीर्घ, पण समासात पूर्वपद म्हणून आला की ‘विषाणुजन्य’, ‘विषाणुविज्ञान’ असा ऱ्हस्व. १९५२ साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेल्या आणि १९७८ साली राष्ट्रीय दर्जा मिळालेल्या संस्थेचे नाव मराठीत लिहिताना ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ असे लिहावे.

आता बाईंची शंका. आपल्याकडची जुनी रोगनामे कारणावरून पडलेली नाहीत, डोळ्यांना जे दिसले त्यावरून किंवा ज्याचे भय वाटले त्यावरून पडली आहेत. गालगुंड म्हणताना सूज कोठे आली ते सांगितले जाते. देवी हे नाव शीतळादेवीच्या कोपाच्या समजुतीतून आले आणि पुढे रोग, त्याचे फोड व त्यावरची लस या तिन्हींना पुरले. ‘देवी आल्या’ म्हणजे रोग झाला आणि ‘देवी काढल्या’ म्हणजे लस टोचली, हा फरक आजीच्या पिढीला समजावून सांगावा लागत नसे. त्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य सभेने ८ मे १९८० रोजी जाहीर केले, म्हणून विशीतल्या वाचकाला आज ‘देवी काढणे’ हा वाक्प्रयोग कोड्यात टाकतो. ‘लस’ शब्दाचाही मूळ अर्थ जखमेतून किंवा फोडातून पाझरणारे पातळ पाणी असा आहे. देवीची लस अशा द्रवापासूनच घेत असल्यामुळे तोच शब्द टोचायच्या औषधाला लागला आणि आता पोलिओच्या थेंबांनाही आपण निःशंकपणे लस म्हणतो.

क्रियापदांतही हे बघण्याचे तत्त्व टिकून आहे. गोवर ‘येतो’, कांजिण्या ‘येतात’, कारण पुरळ किंवा फोड अंगावर येतात. कावीळ मात्र ‘होते’ आणि पडसेही ‘होते’. (पडसे हा शब्द आयुर्वेदातल्या ‘प्रतिश्याय’पासून प्राकृतातून झिजत आपल्यापर्यंत आला आहे, आणि इतका सुटसुटीत शब्द हाताशी असताना तो मागे पडत चालला आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.)

डोळ्यांनी ठेवलेली नावे कधी एकाच कारणाला दोन नावे देतात, तर कधी अनेक कारणांना एकच. कावीळ हे दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. डोळे आणि त्वचा पिवळी पडणे हे लक्षण आहे, आणि त्यामागे यकृतदाहाचे निरनिराळे विषाणू असू शकतात. ए आणि ई प्रकारचे विषाणू मुख्यतः दूषित पाण्यातून येतात, तर बी आणि सी रक्तातून पसरतात. बी प्रकाराला लोक ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, हा शब्द मात्र मी वापरणार नाही, कारण पिवळेपणा नसलेल्या काविळीतून ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

नागीण हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा व्हॅरिसेला झोस्टर विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या चेतागंडिकांमध्ये, म्हणजे चेतातंतूंच्या (नसांच्या) गाठींमध्ये, वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो, आणि वय झाले किंवा प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या चेतातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. त्या चेतातंतूच्या हद्दीतच पुरळ उठत असल्यामुळे पाठीपासून पोटाकडे वळणारा पट्टा दिसतो. पाहणाऱ्याला त्यात नागीण दिसली यात नवल काहीच नाही.

आणि येथेच बाईंना एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. ‘हर्पीज’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झाला आहे, आणि तो धातू संस्कृतातल्या ‘सृप्’चा, म्हणजे ‘सर्प’ शब्दातल्या धातूचा, भाऊ आहे. ‘झोस्टर’ म्हणजे ग्रीकमध्ये कमरपट्टा. म्हणजे ग्रीकांनीही सरपटणारे आणि कमरेला वेढणारे असेच या रोगाकडे पाहिले. नागीण टाकून हर्पीज घेतले तर सापाच्या जागी सापच येतो, फक्त तो ओळखू येत नाही. शिवाय नुसते ‘हर्पीज’ म्हटले तर ओठांवर वरचेवर फोड आणणाऱ्या वेगळ्याच विषाणूचा आजारही त्यात येतो. ‘नागीण’ म्हटल्यावर असा घोटाळा होत नाही, म्हणून माझ्या मते मराठी शब्दच येथे अधिक नेमका आहे.

टाकून द्यायची ती समजूत. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडले की माणूस दगावतो, असे आजही ऐकू येते. मुळात एक चेतातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, त्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषेपाशी थांबते आणि वेढा पुरा होत नाही. खरा धोका वेळ दवडण्यात आहे. असायक्लोव्हिरसारखी विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून पहिल्या ७२ तासांत सुरू केली तर त्यांचा चांगला उपयोग होतो, आणि नेमके तेच तीन दिवस नागीण उतरवून घेण्यात जातात. पुरळ डोळ्याभोवती असेल तर दृष्टीलाच धोका असतो. फोड सुकल्यावर महिनोन्‌महिने मागे राहणारी आग ज्यांनी सोसली आहे, त्यांना या उशिराची किंमत सांगावी लागणार नाही.

दोन्ही नावे ठेवली की एक वाक्य मात्र सांभाळून लिहावे लागेल. ‘आजोबांची नागीण नातवाला लागली’ असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. आजोबांच्या फोडांतल्या पाण्यातून नातवाला विषाणू लागू शकतो, आणि त्याला पूर्वी कांजिण्या आल्या नसतील किंवा त्यांची लस मिळाली नसेल तर त्याला येतील त्या कांजिण्या. वर्गात फळ्यावर लिहायचे झाले तर ‘आजोबांच्या नागिणीमुळे नातवाला कांजिण्या आल्या’ असे लिहावे. विषाणू एक आणि आजार दोन, हे त्या एका वाक्यातच मुलांच्या ध्यानात येईल.