हात उजवा, डोळा डावा: एअर रायफल कोणत्या खांद्यावर धरायची?

आधी प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याच्यावर जास्त विसंबतो तो, नक्की डावाच आहे का ते बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा विजेचा दिवा बघा. मग एकेक डोळा मिटा. उजवा मिटल्यावर दिवा जागेवर आणि डावा मिटल्यावर गायब, तर डावा प्रबळ. चार-पाच वेळा करा. दर वेळी वेगळं उत्तर आलं तर फरक किरकोळ आहे, काळजी सोडा.

नवशिके असाल तर रायफल सरळ डाव्या खांद्यावर घ्या. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल, पण ट्रिगरचं बोट डोळ्यापेक्षा लवकर शिकतं. दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) मात्र डावखुरा किंवा दोन्ही बाजूंना चालणारा हवा, नाहीतर गाल नीट टेकत नाही.

उजव्या खांद्याची सवय पक्की झाली असेल तर मागच्या साइटला (नेम धरायला डोळ्याजवळ असतो तो भाग) ब्लाइंडर, म्हणजे डोळ्यासमोर येणारी पट्टी, लावून डावा डोळा झाका. पट्टी दुधी, अर्धपारदर्शक घ्या, काळी नको. डोळा मिटला किंवा काळ्याने झाकला की नेम धरणाऱ्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते आणि साइट धूसर दिसते. शिवाय मिटून मिटून चेहरा ताणतो तो वेगळाच.

पिस्तुलाला हात बदलू नका. चेहरा किंचित उजवीकडे वळवा, डावा डोळा साइटमागे येतो. मनगट वाकवून जुळवाल तर गोळ्या आडव्या पसरतील. दिशा पावलांनी जुळवा.