ज्यू कथांमधला अश्मदाई मूळचा कुठला?

तुम्ही विचारलंय की सॉलोमन राजाने पकडून आणलेला राक्षसांचा राजा अश्मदाई ज्यूंच्या बायबलमध्ये कुठे येतो, आणि इंटरनेटवर त्याला 'वासनेचा सैतान' का म्हणतात.

हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ज्यूंच्या बायबलमध्ये, तो नाहीच. जुना उल्लेख सापडतो 'तोबित' या ग्रंथात. सारा नावाच्या मुलीचे सात नवरे तो एकापाठोपाठ एक मारतो. शेवटी माशाचं हृदय आणि यकृत जाळून त्या धुराने त्याला पळवून लावतात. हा ग्रंथ आज कॅथलिक बायबलमध्ये आहे, ज्यूंच्या नाही. पण मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत त्याचे अरामी आणि हिब्रू तुकडे मिळालेत, म्हणजे एके काळी ज्यू तो वाचत होते. अश्मदाईचं नाव बरेच अभ्यासक अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या 'एश्म' या क्रोधाच्या दैत्याशी जोडतात.

तुम्ही म्हणता ती सॉलोमनची कथा बाबिलोनी तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातली, गिट्टिन ६८ (म्हणजे गिट्टिन नावाच्या भागाचं ६८वं पान). सॉलोमन बांधत असलेल्या मंदिराच्या दगडांना लोखंडी हत्यार लावायचं नाही, म्हणून दगड चिरणारा 'शामीर' हवा, आणि त्याचा पत्ता अश्मदाईला ठाऊक. राजाचा माणूस बनाया डोंगरावर जातो, अश्मदाईच्या पाण्याच्या खड्ड्याला खालून वाट काढून तो रिकामा करतो, भोक लोकरीने बुजवतो आणि वरून दारू ओततो.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण हा राक्षस रोज स्वर्गातल्या पाठशाळेत शिकतो आणि मग खाली येऊन इथल्या पाठशाळेत बसतो! दारू दिसल्यावर आधी शास्त्रवचनं म्हणत ती नाकारतो. तहान अनावर झाल्यावरच पितो. साखळदंडाने बांधून नेताना वाट चुकलेल्या आंधळ्याला रस्त्यावर आणून सोडतो. लग्नघर दिसताच रडतो, कारण नवरा तीस दिवसांत मरणार हे त्याला कळलेलं असतं. पुढे तोच सॉलोमनला दूर फेकून त्याच्या गादीवर बसतो, हेही खरं. पण देवाविरुद्ध बंड करणाऱ्या सैतानाचं चित्र या कथेत मुळीच नाही.

'वासनेचा सैतान' हा शिक्का प्रामुख्याने युरोपातल्या ख्रिस्ती सैतानशास्त्राचा. एकेका पापाला एकेक सैतान नेमून देणाऱ्या याद्या तिथे तयार झाल्या, आणि इंटरनेटवरचे बरेच लेख त्याच याद्या 'ज्यू लोककथा' म्हणून छापतात. लेखात तालमुदाचा किंवा तोबितचा उल्लेखच नसेल तर त्यावर विसंबू नका. गिट्टिन ६८ सेफारिया या ज्यू ग्रंथांच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मोफत आहे, तिथूनच सुरुवात करा.